जीपच्या तापाची नोंदवही

सोमवार, १ डिसेंबर २०२५

कासमभाई मिस्त्री म्हणाले, "बाई, असं हवेत सांगू नका. गाडी कधी तापते, कुठं तापते, किती तापते, सब लिख के लाओ. डॉक्टरला केसपेपर लागतो की नाही?"

मला लिहायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. एकतीस वर्षं अंगणवाडीत मी रजिस्टरंच भरली. वजनाचं, उंचीचं, लसीचं, खिचडीचं. सप्टेंबरात निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता लिहायला काही उरलं नाही. तर एक कोरी वही घरात होतीच. पहिल्या पानावर अंगणवाडीच्या रीतीने नोंद केली आहे. नाव: जीप. वय: एकवीस वर्षे. पालक: मोरू आणि गुणाबाई. तक्रार: चढावर ताप येतो.

वही माझीच आहे, तेव्हा मनातलंही लिहीन. वाचायला कोण येतंय.

पहिली मनातली गोष्ट ही की साठाव्या वर्षी मला लायसन्स मिळालं आणि अजून मी ते रोज सकाळी पर्समधून काढून बघते. फोटोत मी दचकलेली आहे, पण आहे मीच. आमच्या ह्यांनी बावीस वर्षं भिवंडी ते पडघा सवारी भरून गाड्या चालवल्या, त्यातली शेवटची ही जीप. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने डोळे नेले. आता उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, बस. गाडी दारात उभी राहिली आणि हे ओट्यावर. बोलणं आधीच कमी, ते आणखी आटलं. रोज सकाळी उठून गाडीच्या नाकावरून हात फिरवायचे आणि परत येऊन बसायचे. ते मला बघवेना, म्हणून मी चालवायला शिकले. आळीतले लोक हसले. हसू देत. हसण्याने दात स्वच्छ राहतात.

मंगळवार, २ डिसेंबर

पडघ्याच्या बाजाराला गेलो. मी, हे आणि जीप. मी हायवेला चौथा गिअर टाकला आणि मला गाणं म्हणावंसं वाटलं. म्हटलंही. ह्यांनी खिडकीवर बोटांनी ताल धरला होता.

पडघ्याच्या अलीकडे चढ लागतो, तिथे तापाचा काटा सरकायला लागला. अर्ध्यावरून पाऊण. अंगणवाडीच्या तक्त्यात हिरवा पट्टा, पिवळा पट्टा आणि लाल पट्टा असतो, तसंच इथे. काटा पिवळ्यात गेला. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "थांब गो. वास येतंय."

डाव्या हाताला एक बंद पडलेला ढाबा आहे. पाटी गेलेली, छप्पर अर्धं, पण समोर सिमेंटचा कट्टा आणि शिरीषाची सावली. तिथे गाडी लावली. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, गरम पाणी तोंडावर येतं, हे ह्यांनी मला तीनदा बजावलं. मग आम्ही कट्ट्यावर बसलो.

पन्नास मिनिटं थांबलो. पहिली तीस मिनिटं गप्प. मग एक ट्रक गेला आणि हे म्हणाले, "रिकामा हाय." दुसरा गेला. "हा भरलेला. मागचा टायर कमी हवेचा." मी उठून बघितलं, खरंच मागचा टायर बसका होता. मग आम्ही सतरा ट्रक ओळखले. ह्यांचे पंधरा बरोबर आले, माझे चार.

नोंद: तापली. ठिकाण बंद ढाबा. सकाळी साडेदहा.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज जीपला कासमभाईंच्या गॅरेजात नेलं. मिस्त्रीकडे न्यायचं म्हणजे डॉक्टरकडे न्यायचं. कुठलीही आई मुलाला आंघोळ घालूनच वजनाला आणते. पहाटे उठून गाडी धुतली, काचा पुसल्या, पडदाही काढून साबणाच्या पाण्यात घातला.

पडद्याचं लिहायचं राहिलं. आमच्या घरासमोर लूमचं शेड आहे. अठ्ठेचाळीस लूम दिवसरात्र खडखडतात आणि त्यातून जो कापूस उडतो तो सगळ्या आळीत बसतो. भातावर बसतो, भुवयांवर बसतो. म्हणून इथे प्रत्येक घराच्या खिडकीला, पंख्याला, फ्रीजच्या मागे कापड बांधलेलं असतं. जीपचं नाक तर थेट शेडकडे. दिवाळीनंतर मी शेडमधूनच कोरं जाड कापड आणलं, दुहेरी घेतलं, चार कोपऱ्यांना नाड्या लावल्या आणि पुढच्या जाळीच्या आतून असं बांधलं की बाहेरून कुणाला दिसायचं नाही. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने फूलही काढलं. दिसणार कुणाला, पण हौस. आठवड्याला त्यावर कापसाचा बोटभर थर बसतो. तसा घाणेरडा पडदा घेऊन मी कासमभाईंसमोर जाणार नाही. रुकय्या काय म्हणेल.

रुकय्या म्हणजे कासमभाईंची बायको. तिची अफीफा माझ्या अंगणवाडीत होती. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर.

कासमभाईंनी गाडी तासभर फिरवली. काटा अर्ध्यावरून हलला नाही. मला इतकी लाज वाटली. दुखतंय म्हणून पोराला डॉक्टरकडे न्यावं आणि तिथे ते उड्या मारायला लागावं, तसं झालं. त्यांनी रेडिएटरचं झाकण बदललं. म्हणाले, याचं रबर गेलंय, दाब धरत नाही.

घरी येऊन पडदा वाळला होता, इस्त्री करून परत बांधला. मन कसं हलकं झालं.

शनिवार, ६ डिसेंबर

तापली. बंद ढाबा. नवं झाकण असूनही.

पण आज वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. ह्यांच्या खिशातून शेंगदाण्यांची पुडी निघाली. कधी घेतली देव जाणे. शेंगदाणे खाताखाता ह्यांनी बकरीची गोष्ट सांगितली. कुणी बाई पडघ्याला उतरली आणि बकरी मागच्या सीटखाली विसरून गेली. ह्यांना पत्ताच नाही. बकरीने भिवंडी-पडघा तीन फेऱ्या केल्या. चौथ्या फेरीला ती बाई परत आली तेव्हा बकरी खिडकीपाशी बसून बाहेर बघत होती आणि उतरायला तयार नव्हती.

मी इतकी हसले की ठसका लागला. मग विचारलं, ही कधीची गोष्ट? म्हणाले, भूपेश चौथीत होता तवाची. म्हणजे वीस वर्षं होऊन गेली. वीस वर्षं ही बकरी मला माहीत नव्हती. त्या दिवसांत हे रात्री दहाला यायचे, जेवायचे, झोपायचे, पहाटे पाचला जायचे. बकरीला वेळ कुठे होता.

रविवार, ७ डिसेंबर

भूपेशने आज विषय काढलाच. आमचा एकुलता एक मुलगा, दापोड्याच्या गोदामात सुपरवायझर आहे, आणि घरातही सुपरवायझरच आहे.

"आई, तुम्ही दोघं हायवेवर तासतासभर बसता. मागून ट्रक येऊन ठोकेल एखादा. बाबांना दिसत नाही, तुझं लायसन्स तीन महिन्यांचं. मी गोदामात आकडे बघायचे की तुमची काळजी करायची? भंगारवाल्याशी बोललोय मी."

मी म्हटलं, मी अंगणवाडीत शंभर कुपोषित मुलं वर काढली, ही एक गाडी निघणार नाही?

शेवटी तह झाला. अठ्ठावीस तारखेला, रविवारी, तो मागच्या सीटवर बसणार. पडघ्यापर्यंत जायचं, परत यायचं, वाटेत एकदाही थांबायचं नाही. जमलं तर जीप राहील. नाही जमलं तर एकोणतीसला भंगारवाला येईल.

हे ओट्यावर होते. सगळं ऐकत होते. मी म्हटलं, अहो, तुम्ही काहीतरी बोला. तर म्हणाले, "अठ्ठावीसला अजून लय दिवस हाय."

मला रागच आला. स्वतःची गाडी भंगारात जातेय आणि ह्यांना दिवस मोजायचे आहेत.

मंगळवार, ९ डिसेंबर

तापली. बंद ढाबा. आज ह्यांनी घरून चटईही आणली होती. मी विचारलं, गाडी तापणार असं धरूनच निघालात की काय? म्हणाले, कट्टा गार लागतंय.

चटईवर बसल्यावर ह्यांनी मला विचारलं, अंगणवाडीत दिवसभर तू काय करायचीस? एकतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी कुठून सुरू करू तेच कळेना. मग वजनकाट्याची गोष्ट सांगितली. एका वर्षी आमचा काटा बिघडला आणि प्रत्येक मूल दीड किलो जास्त दाखवायला लागला. मला वाटलं, माझ्या खिचडीचा गुण. गावातलं कुपोषण संपलं म्हणून वरून कौतुकाचं पत्र आलं, गटाच्या बैठकीत माझा सत्कार झाला, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः सहज त्या काट्यावर उभी राहिले.

हे हसले. आवाज करून हसले. हा आवाज मी कधी ऐकला होता ते आठवावं लागलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

गाडी धुतली, पडदा धुऊन दोरीवर टाकला, कासमभाईंकडे गेले. पुन्हा तेच. गॅरेजात जीप शहाण्यासारखी वागते. कासमभाईंनी थर्मोस्टॅट बदलला. इंजिनातलं पाणी गरम झालं की हा उघडतो आणि ते रेडिएटरकडे सोडतो, तो अडकत असेल म्हणाले. पंख्याचा पट्टा ताणून बघितला, नळ्या दाबून बघितल्या. मग माझ्याकडे संशयाने बघितलं. "बाई, खरंच तापते ना?"

मी वही दाखवली. तीन नोंदी, तिन्ही पडघ्याच्या रस्त्याच्या. म्हणाले, लिहीत राहा. घरी येऊन पडदा परत बांधला.

शनिवार, १३ डिसेंबर

तापली. नव्या थर्मोस्टॅटसकट.

आज थर्मासमधून चहा. काटा तर वीस मिनिटांत खाली आला होता. मी म्हटलं, निघू या. हे म्हणाले, "वरून थंड झाली, आतून अजून गरम हाय." बावीस वर्षांचा अनुभव, मी काय वाद घालणार. एक तास दहा मिनिटं बसलो. ह्यांनी मला गाण्याची फर्माईश केली.

सोमवार, १५ डिसेंबर

आजचा दिवस मी फ्रेम करून ठेवीन.

अफीफाची पडघ्याजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात मुलाखत होती, सकाळी नऊला. काल रुकय्या आली. कासमभाईंच्या गॅरेजात अकरा गाड्या, पण चालणारी एकही नाही. अकराही उघडून पडलेल्या. मी लगेच म्हटलं, मी सोडते. बोलून गेले आणि मग घाम फुटला. वाटेत तापली म्हणजे? पोरीच्या पहिल्या नोकरीचा प्रश्न. हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "जाईल गाडी. काय काळजी नको." एवढ्या खात्रीने कसं म्हणाले ते तेच जाणोत.

पडदा शनिवारी संध्याकाळी धुऊन नीट बांधला होता. सकाळी सहाला मी चहा करत होते तेव्हा हे नेहमीसारखे गाडीच्या नाकाशी उभे होते. आज जरा जास्तच वेळ.

आणि गाडी तापली नाही. चढावर मी श्वास रोखून बसले, काटा अर्ध्यावर. बंद ढाबा मागे गेला, काटा अर्ध्यावर. अफीफा मागे प्रश्नोत्तरं पाठ करत होती, आणि तिला माहीतही नाही की पुढच्या सीटवर केवढं युद्ध जिंकलं गेलं. पावणेनऊला ऑफिसच्या दारात. तिला नोकरी मिळाली, एक तारखेपासून रुजू.

परतल्यावर रुकय्याने चहाला आत बोलावलं. हे गाडीतच बसून राहिले. म्हणाले, मना नको चहा. चहाला नाही म्हणालेले हे मी छत्तीस वर्षांत बघितले नव्हते. दमले असतील.

नोंद: पडदा होता, चढ होता, माणूस एक जास्त होतं. तरी तापली नाही. थर्मोस्टॅटचा गुण उशिरा आला असावा.

मंगळवार, १६ डिसेंबर

तापली. बंद ढाबा. थर्मोस्टॅटचा गुण एकच दिवस टिकला.

आणखी एक विचित्र गोष्ट. सकाळी पडदा झटकायला काढायला गेले तर नाड्यांच्या गाठी सुटेनात. मी नेहमी सुरगाठ मारते, ओढली की सुटते. या गाठी अशा घट्ट की जणू टपावर कुणाचा संसार बांधलाय. शेवटी नाद सोडला, होता तसा राहू दिला. वय झालं, आपण गाठ कशी मारली तेही आठवत नाही.

शनिवार, २० डिसेंबर

तापली.

आज मी कट्ट्यावर रडले. खरं ते लिहिते. मला वाटतंय दोष गाडीचा नाही, माझा आहे. मी क्लच जास्त दाबत असेन, गिअर चुकीचा टाकत असेन. गॅरेजात कासमभाई चालवतात तेव्हा तापत नाही, मी चालवते तेव्हा तापते, याचा दुसरा अर्थ काय? आठ दिवसांनी भूपेश मागे बसणार आणि सगळ्यांसमोर सिद्ध होणार की म्हातारीने उगीच हौस केली. आणि ह्यांना नाकावरून हात फिरवायलाही गाडी उरणार नाही.

हे जवळ सरकले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू चांगली चालवतस. मना ऐकायला येतंय ना. माझ्यापेक्षा हलका पाय हाय तुझा." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "भंगारात जाऊ देन न्हाय मी. तू रडू नको."

डोळ्यांनी अधू माणूस, करणार काय आहे? पण बरं वाटलं. मी पदराने तोंड पुसलं आणि आम्ही अकरा ट्रक ओळखले.

मंगळवार, २३ डिसेंबर

अजून हसू आवरत नाही.

आज बाजार रद्द केला. पक्कड घेऊन पडद्याच्या गाठी सोडवल्या, पडदा धुऊन दोरीवर टाकला आणि जीप घेऊन कासमभाईंकडे गेले. त्यांनी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढलं, गाडी चालू केली आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत बसले. आले असते तर आतलं पॅकिंग फुटलं असं धरायचं. बुडबुडे नाहीत. कासमभाईंनी कपाळाला ग्रीसचा हात लावला. "आता एकच उरलं. इंजिनचं पूर्ण हेड खोलना पडेगा. पण त्याआधी तुमची वही वाचा. पूर्ण वाचा, एक अक्षर सोडू नका."

रुकय्या भाजी निवडायला घेऊन बसली आणि मी वाचायला लागले. मनातलंही सगळं वाचावं लागलं. लायसन्स रोज काढून बघते ते वाचताना मी भराभर पुढे जायला लागले, तर कासमभाई म्हणाले, हळू.

मी वाचलं, गाडी धुतली, पडदा काढला, गॅरेजात गेले, तापली नाही. पडदा इस्त्री करून बांधला. तापली. पडदा धुऊन दोरीवर टाकला, गॅरेजात गेले, तापली नाही. पडदा बांधला. तापली.

कासमभाईंचा हात हवेतच थांबला. "बाई. कुठला पडदा?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. जाड कापड, दुहेरी, चार नाड्या, कोपऱ्यात फूल.

त्यांनी लगेच जीपचं बॉनेट उघडलं, एक गोणपाट घेतलं, रेडिएटरच्या पुढे लावलं आणि गाडी घेऊन बायपासला गेले. पंधरा मिनिटांत परत आले. काटा पाऊणवर. गोणपाट काढलं, पुन्हा गेले. काटा अर्ध्यावर. मग माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "समोरून वारा आत जातो, त्याने पाणी थंड होतं. तुम्ही गाडीच्या नाकाला उशी बांधली. आणि मी तिचं हेड खोलायला निघालो होतो. तीस साल हो गए धंदे में."

मला आधी रडू आलं. एकतीस वर्षं मी आयांना सांगत आले, बाळाला फार गुंडाळू नका, हवा लागू द्या. आणि स्वतः काय केलं? मग रुकय्या हसायला लागली, मग कासमभाई, मग मी. अकरा उघड्या गाड्यांमध्ये आम्ही तिघं वेड्यासारखे हसत होतो. कासमभाईंनी हवेच्या नळीने रेडिएटर आतून फुंकून काढला, त्यातूनही कापूस निघाला. म्हणाले, महिन्यातून एकदा घेऊन या, मी फुंकून देईन. पडदा मात्र घराच्या खिडकीला लावा.

निघताना त्यांना एकच अडलं. "पण पंधरा तारखेला? पडदा होता आणि तापली नाही, हे कसं?"

मला काय माहीत. रुकय्याने विचारलं, "बाई, त्या गाठी कशा होत्या म्हणालात?" मी सांगितलं, टपावर सामान बांधतात तशा. ती भाजीत तोंड घालून इतकी हसली की मेथी सांडली. मी विचारलं तर म्हणाली, "मी नाही सांगायची. घरी जाऊन विचारा."

बुधवार, २४ डिसेंबर

ह्यांना विचारलं. पडद्याने तापत होती हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "असं होय?" तेवढंच. मी म्हटलं, तुम्ही रोज नाकावरून हात फिरवता, हाताला कधी कापड लागलं नाही? म्हणाले, "मी आंधळा माणूस. मना काय दिसतंय."

मी म्हटलं, हात आंधळा नाही ना.

ह्यांनी विषय बदलला. अठ्ठावीसला काय घालणार आहेस, विचारलं. माझ्या साड्यांची ह्यांना एवढी चौकशी कधीपासून, कुणास ठाऊक.

रविवार, २८ डिसेंबर

निवृत्तीच्या समारंभातली जांभळी साडी नेसले. भूपेश मागे बसला, हातात मोबाईल, वेळ लावलेली. मी आरसा नीट केला आणि त्याला म्हटलं, पट्टा लाव. तो म्हणाला, मागे कशाला? मी म्हटलं, ड्रायव्हर सांगतोय म्हणून.

पडदा नाही. काटा अर्ध्यावर. चढ आला, तिसरा गिअर टाकला, इंजिनाचा आवाज जड झाला, काटा अर्ध्यावर. वारा आत शिरत होता आणि जीप पोरीसारखी पळत होती. मला पुन्हा गाणं म्हणावंसं वाटलं, पण परीक्षकासमोर बरं दिसलं नसतं. आरशात बघितलं तर परीक्षक खिडकीला डोकं टेकून झोपला होता, तोंड उघडं. सात वर्षांचा असताना वडिलांच्या जीपमध्ये असाच झोपायचा.

बंद ढाबा आला आणि मागे गेला. ह्यांनी मान डावीकडे वळवली आणि तो मागे जाईपर्यंत तिकडेच ठेवली. येताना उजवीकडे.

दारात गाडी लावल्यावर भूपेशला उठवलं. त्याने आधी काटा बघितला, मग बॉनेटला हात लावला, मग माझ्या पाया पडला. भंगारवाल्याला त्याने माझ्यासमोरच फोन करून नाही सांगितलं. म्हणाला, "आई, पुढच्या रविवारी मला पण शिकव."

संध्याकाळी आळीत पेढे वाटले. जे हसले होते त्यांना दोन दोन.

हे एवढे गप्प का आहेत कळत नाही. गाडी वाचली तर खूश व्हायला हवं.

मंगळवार, ३० डिसेंबर

सकाळी बाजाराची पिशवी ठेवायला गेले तर मागच्या सीटवर चटई, थर्मास आणि शेंगदाण्यांची पुडी. मी म्हटलं, अहो, आता कशाला हे? गाडी बरी झाली. ह्यांनी चाचपून चटई उचलली. "हां. ऱ्हाऊ दे मग," म्हणाले आणि घरात नेऊन ठेवायला निघाले.

त्यांची ती पाठ बघून मला काहीतरी झालं. मी ओट्यावर बसून ही वही पहिल्यापासून वाचली. कासमभाईंना वाचून दाखवताना मी पडदा शोधत होते. आज दुसरंच दिसलं. गाडी तापली त्या दिवशी पान भरलेलं आहे. ट्रक, बकरी, वजनकाटा, गाणं. वीस मिनिटांत थंड होणारी गाडी सत्तर मिनिटं थांबलेली आहे. आणि पोरीची नोकरी होती त्या एकाच दिवशी पडद्याची गाठ बदललेली आहे. सकाळी सुटलेला पडदा मी आत चहा पीत असताना परत बांधला गेला, टपावर सामान बांधतात त्या गाठीने. बावीस वर्षं ती गाठ आमच्या आळीत एकाच माणसाने मारली.

साठ वर्षांची झाले, एकतीस वर्षं नोंदी ठेवल्या, आणि समोर लिहिलेलं वाचायला इतके दिवस लागले. रुकय्याला भाजी निवडता निवडता कळलं होतं.

मी ह्यांना काही विचारलं नाही. चटई हातातून घेतली आणि परत गाडीत टाकली. हे मुकाट्याने शेजारी येऊन बसले.

चढ आला. काटा अर्ध्यावर, धूर नाही, वास नाही. बंद ढाबा दिसला तशी मी डावा इंडिकेटर दिला आणि गाडी शिरीषाखाली लावली.

"तापली?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय? तुम्हीच सांगा किती वेळ थांबायचं ते. अनुभव तुमचा."

ह्यांनी दार उघडलं, पायाने जमीन चाचपली, उतरले. बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. चेहऱ्यावर काहीएक नाही, पण मिशीचं टोक हलत होतं.

"तापलीच न्हाय," म्हणाले. "तर मग थंड व्हायला लय येळ लागंल."

मी चटई पसरली. पहिला ट्रक आला, तो भरलेला होता.

नोंद: थांबलो. बंद ढाबा. अकरा वाजल्यापासून दीडपर्यंत. बाजार उठून गेला होता, भाजी मिळाली नाही.